भावाला १२ हजार, मला ४१ हजार: टर्मच्या हप्त्यात एवढा फरक कशामुळे?

टेम्पोवाला_इचल

नमस्कार मंडळी. टर्म प्लॅनच्या, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणाऱ्या विम्याच्या, हप्त्याबद्दल विचारायचं आहे. ज्यांना यातलं आतलं माहीत आहे त्यांनी जरा सविस्तर सांगा, कारण कंपनीचं पत्र आलंय आणि पुढच्या आठवड्यात हो किंवा नाही कळवायचं आहे.

माझं वय ३८. सूत आणि कापडाच्या वाहतुकीचा धंदा आहे. दोन टेम्पो आहेत, एक मी स्वतः चालवतो, दुसऱ्यावर ड्रायव्हर ठेवलाय. गेली चार वर्षं रिटर्न भरतोय, शेवटचं ५ लाख ६० हजारांचं. घरात आई, बायको, थोरली मुलगी सहावीत आणि धाकटा पहिलीत. एका टेम्पोचं कर्ज अजून सव्वासात लाख आहे. वडील ५४व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. तेव्हा घरात एक रुपयाचा विमा नव्हता आणि पुढची चार वर्षं आईनं कशी काढली ते मी बघितलंय. म्हणून एक कोटीचं कव्हर घ्यायचंच, हे मनात पक्कं आहे.

कंपनीच्या वेबसाइटवर वय आणि रक्कम टाकली तर वर्षाला २०,६०० दाखवत होतं, वय ७० पर्यंत कव्हर धरून. फॉर्म भरताना तंबाखूचं विचारलं. मी तंबाखू-चुना खातो, कॉलेजपासून. तसं लिहिलं. आकडा एकदम ३४,००० झाला. ठीक आहे म्हटलं. मग घरी येऊन मेडिकल केलं. रिपोर्टमध्ये वजन ८६ किलो (उंची १६८), बीपी १४२/९०, तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीए१सी ६.२. आता पत्रात लिहिलंय की ४०,८०० ला तयार असाल तरच पॉलिसी देऊ.

माझा चुलतभाऊ माझ्याच वयाचा, चार महिन्यांनी मोठा. त्याच कंपनीचा एक कोटी. तो भरतो १२,४००. त्याचं पोटही माझ्याएवढंच आहे.

एजंट म्हणतो, हे पत्र सोडून द्या, दुसऱ्या कंपनीत टाकू आणि तंबाखूला 'नाही' लिहू. बिडी-सिगारेट ओढत नाही ना, मग झालं. त्यानंच आणखी एक प्लॅन दाखवला, शेवटी सगळे पैसे परत मिळणारा, पण त्याचा हप्ता फारच मोठा आहे. मला समजून घ्यायचं आहे की हा आकडा नेमका कशाकशानं वाढतो, आणि त्यातलं माझ्या हातात काय आहे?

पलूसकर८७

एजंट बरोबर सांगतोय. सगळेच 'नाही' लिहितात. तीन वर्षं गेली की विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे कंपनीला काही करता येत नाही. वर्षाला २० हजार जास्त कशाला भरताय? तेवढ्यात मुलीची वर्षाची ट्यूशन होते.

सकाळची_लॅब

दादा, पहिल्यांदा एक सांगते, तुम्ही फॉर्मवर खरं लिहिलंत ते फार चांगलं केलंत. कुणाच्याही सांगण्यावरून ते फिरवू नका. का ते लिहिते.

मी मिरजेतल्या एका लॅबकडून विम्याच्या मेडिकलसाठी घरोघरी जाते. हप्ता ठरवणं माझं काम नाही, ते कंपनीत बसलेले लोक ठरवतात. पण ते ज्या कागदावरून ठरवतात तो कागद माझ्यासारखी माणसं भरतात. सकाळी साडेसहाला दार वाजवायचं, ओळखपत्र बघायचं, उंची-वजन, पोटाचा घेर टेपनं, बीपी, उपाशीपोटी रक्त, लघवी, रक्कम मोठी असेल तर ईसीजी. रक्तात साखर, कोलेस्टेरॉल, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या असतात. आणि लघवीत कोटिनिन बघतात. निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं. ते धुरातून गेलं की चुन्याबरोबर गालात धरल्यावर गेलं, चाचणीला फरक पडत नाही. फॉर्मवरही प्रश्न नुसता सिगारेटचा नसतो, तंबाखू कुठल्याही रूपात घेता का असा असतो. आपल्या भागात मला रोज भेटणारी गोष्ट म्हणजे मिश्री. बायका मनापासून सांगतात, "छे, मी कुठं तंबाखू खाते?" आणि खिडकीत मिश्रीची डबी असते. त्यांना वाटतं ते दात घासायचं आहे. भाजलेल्या तंबाखूचीच ती पूड असते, आणि रिपोर्टमध्ये ती येतेच.

पलूसकर, तुम्ही तीन वर्षांचं लिहिलंत. त्या तीन वर्षांत काय होऊ शकतं ते बघा. दादा रोज हायवेला टेम्पो चालवतात. समजा दुसऱ्या वर्षी छातीत दुखून दवाखान्यात नेलं. रात्रीचा ड्युटी डॉक्टर बायकोला विचारतो, काही सवयी? ती त्या क्षणी खरं सांगणार, सांगायलाच पाहिजे. डॉक्टर केसपेपरवर लिहितो: तंबाखू, कॉलेजपासून. पुढं काही वाईट झालं तर क्लेमच्या वेळी कंपनी पहिल्यांदा तो केसपेपर मागवते. मी लॅबमध्ये असे केसपेपर बघितलेत, ती एक ओळ प्रत्येकावर असते. मग घरच्यांनी काय दाखवायचं?

आणि दुसऱ्या कंपनीत 'नाही' लिहिणं तर आणखी वाईट. त्यांच्या फॉर्मवर हाही प्रश्न असतो की याआधी कुठल्या कंपनीनं तुमचा प्रस्ताव नाकारला किंवा जादा हप्त्यानं दिला का. तिथंही खोटं लिहावं लागेल. विमा कंपन्यांकडं एकमेकींची माहिती पोचायची सोय आहे. म्हणजे एक लपवायला दोन लपवायची.

आता तुमच्या रिपोर्टबद्दल. बीपी १४२/९० एकदाच घेतला होता का? मी जाते तेव्हा माणूस बऱ्याचदा नुकताच जिना चढून आलेला असतो, फोनवर धंद्याचं बोलत असतो, आणि सकाळी उठल्याउठल्या गालात तंबाखू धरलेली असते. तंबाखूनं बीपी तेवढ्यापुरता वर जातो. मी पाच-दहा मिनिटं शांत बसवते आणि परत घेते, पण सगळे तसं करत नाहीत. तुम्ही रिपोर्टची प्रत कंपनीकडून मागून घ्या आणि बघा किती रीडिंग लिहिलेत. तुमच्या डॉक्टरांकडं आठवडाभर वेगवेगळ्या वेळी बीपी तपासून तो कागद कंपनीला पाठवता येतो, फेरविचार करा म्हणून. होईलच असं नाही, पण मागायला काही पडत नाही. साखर ६.२ मात्र एका सकाळची नसते, ती मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ती विम्यासाठी राहू दे, तुमच्यासाठी मनावर घ्या. वडील ५४ ला गेले म्हणताय, म्हणून जीव तोडून सांगतेय.

दादर_निवृत्त

वरच्या ताईंनी जे लिहिलं त्यातल्या शब्दाशब्दाशी सहमत. मी विमा कंपनीत अंडररायटिंगला होतो, म्हणजे अशी पत्रं लिहिणाऱ्यांच्या टेबलावर. आकडा कसा बनतो ते तुमच्याच उदाहरणावरून सांगतो.

पाया असतो मृत्यूदराच्या तक्त्याचा. आपल्याकडे सध्या २०१२-१४ च्या अनुभवावर बेतलेला भारतीय विमाधारकांचा तक्ता वापरतात. त्यात तिशीच्या हजार माणसांमागे वर्षाला साधारण १ मृत्यू धरलाय, चाळिशीत १.७ च्या आसपास, पन्नाशीत ४.४ आणि साठीत ११ च्या आसपास. सत्तरीत तो २० च्या पुढे जातो. हे आकडे नीट बघा. साठ ते सत्तर ही दहा वर्षं सगळ्यात महाग आहेत. पण हप्ता दर वर्षी वाढत नाही, सगळ्या मुदतीला एकसारखा ठेवलेला असतो. म्हणजे पुढच्या महागड्या वर्षांचे पैसे तुम्ही आजपासून भरत असता.

म्हणून पहिला प्रश्न: भावाचं कव्हर कुठल्या वयापर्यंत आहे, आणि त्यानं पॉलिसी कधी घेतली? माझा अंदाज, पाच-सहा वर्षांपूर्वी आणि ६० पर्यंत. तसं असेल तर तुम्ही दोन वेगळ्या वस्तूंची तुलना करताय. तुमची पॉलिसी ७० पर्यंत आहे. तुम्ही ७० पर्यंत टेम्पो चालवणार आहात का? कव्हर कमाईच्या वर्षांना हवं. साठीला मुलगा २८-२९ चा असेल, मुलगी तिशीच्या पुढे, कर्ज फिटलेलं. पत्रातल्या त्याच अटींवर ६० पर्यंतचा आकडा लेखी मागवा. ८५ आणि १०० पर्यंतची कव्हर आता सर्रास विकतात. त्यात मृत्यू होईलच हे जवळपास धरलेलं असतं, मग हप्ता तसाच असणार.

भावाचा १२,४०० हा बहुधा जीएसटीसकटचा जुना आकडा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, आणि ते जुन्या पॉलिसींच्या पुढच्या हप्त्यांनाही लागू आहे. त्याला पावती बघायला सांगा, आता साडेदहा हजारांच्या आसपास कापायला हवेत.

तंबाखूसाठी वरून जादा रक्कम लावत नाहीत. तंबाखू घेणाऱ्यांचा दरांचा तक्ताच वेगळा असतो, आणि तो दीडपट ते दुप्पट असू शकतो. तुमचे २०,६०० चे ३४,००० तिथे झाले. त्यावरचे ६,८०० हे लोडिंग, म्हणजे तब्येतीच्या जोखमीसाठी वाढवलेला हप्ता. त्यात वजन, बीपी, साखर आणि वडिलांचं साठीआधी हृदयविकारानं जाणं, असे गुण एकत्र करतात. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३० च्या थोडा वर जातो. यातली एकच गोष्ट असती तर कदाचित लोडिंग लागलंही नसतं. पण वजन, साखर, बीपी आणि घराण्यात हृदयविकार हे चौघं एकत्र आले की टेबलावरचा माणूस थांबतो. मीही थांबलो असतो. खरं सांगायचं तर तुमचं पत्र मला अन्यायाचं वाटत नाही.

बाई असत्या तर दर कमी लागला असता. बाईला तिच्याहून तीनेक वर्षांनी लहान पुरुषाचा दर लावायची जुनी पद्धत आहे. रक्कम वाढली की दर हजार रुपयांच्या कव्हरमागचा दर थोडा उतरतो, म्हणून ५० लाखांचा हप्ता एक कोटीच्या बरोबर निम्मा नसतो. महिन्याला भरण्यापेक्षा वर्षाला भरलं तर थोडं स्वस्त पडतं. व्यवसायाच्या रकान्यात नुसतं 'धंदा' लिहिलं असेल तर ते दुरुस्त करा, स्वतः मालवाहतुकीचं वाहन चालवतो असं स्पष्ट लिहा. त्यानं दर फारसा बदलेल असं नाही, पण क्लेमच्या वेळी शंकेला जागा नको. अपघाताचा वेगळा रायडर, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं जोडकव्हर, घेतला नाही तरी मूळ पॉलिसीत अपघाती मृत्यू धरलेलाच असतो.

पैसे परत मिळणाऱ्या प्लॅनचं गणित तुम्हीच करून बघा. साध्या प्लॅनपेक्षा वर्षाला समजा २८ हजार जास्त भरायचे, २२ वर्षं. तेच २८ हजार ७ टक्के व्याजानं बाजूला टाकत गेलात तर साडेचौदा लाखांच्या पुढे जातात. प्लॅन परत काय देणार, तर भरलेला हप्ता जसाच्या तसा. हप्ता ५८ हजार असेल तर पावणेतेरा लाख. माझ्या घरच्या कुणालाही मी तो घेऊ दिला नसता.

कलम ४५ बद्दल पलूसकरांनी अर्धं सांगितलं. विमा कायदा १९३८ चा, हे कलम २०१५ साली बदललं. तीन वर्षांनंतर पॉलिसीला कुठल्याही कारणानं आव्हान देता येत नाही, हे खरं. पण तीन वर्षांच्या आत फसवणूक ठरली तर भरलेले हप्तेही जातात. आणि ज्याकडे कुणी बघत नाही ते असं: मध्ये हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा सुरू केली, तर तीन वर्षं नव्यानं मोजतात. टेम्पोच्या धंद्यात एखादं वर्ष तंगीचं येतंच. म्हणून न चुकता भरता येईल असाच हप्ता घ्या.

एक जुनी गोष्ट सांगतो. इंग्रजांच्या काळात इथल्या माणसाला विमा मिळालाच तर गोऱ्या माणसापेक्षा जादा दरानं मिळायचा, आयुष्य कमी धरून. १८७० मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिनं भारतीयांना नेहमीच्या दरानं विमा द्यायला सुरुवात केली. नोकरीत मी हे कायम लक्षात ठेवायचो. माणूस कोण आहे यावरून दर लावणं आणि त्याच्या रक्तात, सवयीत काय आहे यावरून लावणं, यात फार अंतर आहे. दुसरं बदलता येतं.

तुमच्या डोक्यावर कर्ज आहे म्हणून शेवटचं: पॉलिसी घेतानाच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली, म्हणजे एमडब्ल्यूपीमध्ये, बायको-मुलांच्या नावे करून घ्या. जादा पैसे लागत नाहीत आणि कर्जवाल्यांना त्या रकमेला हात लावता येत नाही. नंतर करता येत नाही, आत्ताच करावं लागतं.

टेम्पोवाला_इचल

दोघांचेही मनापासून आभार. भावाला फोन केला. पॉलिसी ३२व्या वर्षी घेतलीय आणि कव्हर ६० पर्यंतच आहे. शेवटची पावती उघडून बघितली तर १०,५०८. त्यालाही माहीत नव्हतं, खात्यातून आपोआप जातात. आणि तो तंबाखूला हात लावत नाही, हे मला माहीत होतं पण त्याचा एवढा फरक पडत असेल असं वाटलं नव्हतं.

एजंटला बाजूला ठेवून थेट कंपनीला मेल केला. त्याच अटींवर ६० पर्यंत ३०,२०० म्हणतायत. हे मला झेपतं. रिपोर्टमध्ये बीपीचं एकच रीडिंग आहे. आमच्या डॉक्टरांकडं रोज जाऊन तपासतोय, १३२ ते १३८ येतंय. आठवडा झाला की तो कागद पाठवणार.

दोन गोष्टी अजून विचारतो. तंबाखू सोडली तर हाच हप्ता खाली येईल का? आणि बायकोसाठी काय करावं? ती घरी ब्लाऊज शिवते, तिच्या नावावर रिटर्न नाही.

सकाळची_लॅब

वाचून फार बरं वाटलं दादा.

तंबाखू सोडली म्हणून या पॉलिसीचा हप्ता आपोआप उतरत नाही. मला दिसतं ते असं की लोक नवीन पॉलिसीला अर्ज करतात आणि मी परत त्यांच्या घरी जाते. फॉर्मवर सहसा मागच्या १२ महिन्यांतला वापर विचारतात, काही कंपन्या त्याहून मागचंही विचारतात. म्हणजे सोडल्यावर वर्षभर तरी थांबावं लागेल, आणि तोवर वजन आणि साखर खाली आली तर लोडिंगचाही प्रश्न सुटू शकतो. मात्र ही पॉलिसी त्याआधी सोडू नका. नवीन हातात आली, नाव-वय-रक्कम सगळं बरोबर आहे हे वाचून बघितलं, की मगच जुनीचा हप्ता थांबवायचा. नवीन पॉलिसी पसंत नसेल तर परत करायला ३० दिवस असतात, तेवढ्यात शांतपणे वाचून होते. नवीन पॉलिसीची तीन वर्षं मात्र पहिल्यापासून सुरू होतील.

मिरजेत आणि सांगलीत सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन मिळतं, फोनवर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत. पहिले पंधरा दिवस सगळ्यात कठीण जातात, विशेषतः ड्रायव्हिंग करणाऱ्यांना, कारण हात गाडीवर आणि तोंड रिकामं. माझ्या ओळखीतले एक ट्रकवाले बडीशेप आणि लवंग डॅशबोर्डवर ठेवायचे. सुटली त्यांची.

वहिनींसाठी: गृहिणींना काही कंपन्या नवऱ्याच्या कव्हरच्या आधारानं ठरावीक मर्यादेपर्यंत टर्म देतात. तुमची पॉलिसी झाली की त्याच कंपनीला विचारा. तोवर त्यांचं बँकेत खातं असेल तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा फॉर्म भरा. वर्षाला ४३६ रुपये, दोन लाखांचं कव्हर, वय १८ ते ५० मध्ये असलं की झालं. त्यात मेडिकल नाही, वजन विचारत नाहीत, तंबाखू-मिश्रीवरून दर बदलत नाही. पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूचाच क्लेम मिळतो. हप्ता दरवर्षी मेच्या शेवटी खात्यातून जातो, तेव्हा तेवढी शिल्लक खात्यात राहील एवढं बघा. आमच्या गल्लीत दोन घरांचा विमा नेमका त्याच एका कारणानं बंद पडला होता.